मुंबईत हिवाळी पक्षी बघायचे तर आधी भिंतीवरची दिनदर्शिका उघडा

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला राहतो, आठवड्याचे सहा दिवस नोकरी, रविवार तेवढा मोकळा. आठ वर्षांच्या मुलीला पक्ष्यांचं वेड लागलंय. मागच्या जानेवारीत दोघं शिवडीला जाऊन आले, तर समोर मैलभर चिखल आणि पार लांब एक फिकट गुलाबी रेघ. हिवाळ्यात मुंबईत नेमकं जावं कुठे, दुर्बीण कोणती घ्यावी आणि ते सगळे सारखेच दिसणारे भुरके पक्षी ओळखावेत कसे? आणि जावं कुठल्या गटाबरोबर?

शिवडीची जागा बरोबर होती. वेळ चुकली. मुंबईत नव्याने पक्षी बघणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं, कारण सगळे जागांच्या याद्या गोळा करतात. याद्या हव्या तेवढ्या मिळतात. पण या शहराचा पक्ष्यांच्या दृष्टीने सगळ्यात श्रीमंत भाग म्हणजे ठाण्याची खाडी, आणि तिथलं घड्याळ सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत निघून जातात. तुम्हाला दिसली ती गुलाबी रेघ हीच. पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही, मग पक्षीही उठून दुसरीकडे जातात. मधला काळ आपला. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास, जेव्हा किनाऱ्यालगतचा पट्टाच तेवढा उघडा असतो आणि खाणारी सगळी तोंडं त्या पट्ट्यावर एकवटलेली असतात.

भरतीची वेळ काढायला कोकणात आणि कोळीवाड्यांत पिढ्यानपिढ्या वापरात असलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी अपोलो बंदराच्या भरतीचं कोष्टक बघून घ्या. वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर दोन्हीकडे मिळतं. खाडीत आत जावं तसा भरतीला आणखी थोडा उशीर होतो, हेही धरून चला. पण महिन्याची आखणी करायला पाऊणपट पुरेशी आहे.

तुम्हाला रविवारच मिळतो, तर या हिशेबाची एक गंमत बघा. दर रविवारी तिथी साताने पुढे सरकते, म्हणजे भरतीची वेळ साधारण सव्वापाच तासांनी. त्यामुळे एक रविवार उधाणाच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या भरतीच्या आसपास आला की पुढचा भांगाच्या, म्हणजे सगळ्यात छोट्या भरतीच्या आसपास येतो. दिनदर्शिकेवर नोव्हेंबर ते मार्चच्या सगळ्या रविवारांच्या तिथी एकदाच पेनने गोल करून ठेवा. माझी विभागणी अशी असते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपासून तृतीयेपर्यंतचा रविवार असेल तर दुपारी साडेतीननंतर शिवडी. चतुर्थी ते षष्ठी असेल तर सकाळी खाडीवर ओहोटी असते, तेव्हा खाडी सोडून जंगल. सप्तमी ते दशमी असेल तर सकाळी ऐरोली किंवा संध्याकाळी पुन्हा शिवडी. एकादशी ते त्रयोदशीला सकाळीच भरती भरते, तेव्हा नवी मुंबईतली तळी. चतुर्दशी किंवा खुद्द पौर्णिमा-अमावास्या असेल तर सकाळी आठ-नऊला ऐरोलीला चढतं पाणी मिळतं.

यात दिशेचाही भाग आहे आणि तो कुणी सांगत नाही. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी तिथे उभं राहिलात तर सूर्य थेट डोळ्यांवर, आणि समोरचे पक्षी नुसत्या काळ्या आकृत्या. गुलाबी रंग बघायला गेलेल्या माणसाला काळे फ्लेमिंगो दिसतात. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो, मग तेच पक्षी असे उजळतात की विचारू नका. ऐरोलीची बाजू खाडीच्या पलीकडची, पश्चिमेकडे बघणारी, म्हणून तिथे सकाळ चांगली. पहाटे उठणं हा पक्षीनिरीक्षणाचा पहिला नियम मानतात. शिवडीपुरता तो मोडायला हरकत नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत मुंबईवर सकाळी जे धुरकं साचतं त्यातून खाडीवरचं काही धड दिसत नाही. भर दुपारी मात्र जाऊ नका. तापलेल्या चिखलावरून हवा थरथरते आणि महागड्या दुर्बिणीतूनही पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात.

आता जागांकडे. मुलुंडकरांना खरं तर शिवडीपेक्षा ऐरोली सोयीची. पूल ओलांडला की आलंच. तिथे वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून खाडीत बोटीने नेतात. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे बदलतात, आधी नोंदणी लागते आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा भराभर संपतात. बोटीचा मोठा फायदा असा, की तिवरांच्या भिंतीमागे काय चाललंय ते पाण्याच्या बाजूने दिसतं: काळ्या टोपीचा खंड्या, समुद्र बगळे, चित्रबलाक, एखाद्या खांबावर पंजात मासा धरून बसलेला ऑस्प्रे. तोटा असा, की बोट हलते. हलत्या बोटीवर दहापटीची दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाची मला नेहमी दया येते.

शिवडीला हार्बर लाइनच्या स्टेशनवरून जाता येतं. आजूबाजूला बंदराचा परिसर, ट्रकांची वर्दळ, धूळ. बसायला जागा नाही आणि स्वच्छतागृहाचा भरवसा नाही, तेव्हा मुलीला घेऊन जाताना तो बेत आधी करा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तो इथूनच निघतो; जुन्या फोटोंतलं मोकळं क्षितिज आता नाही. पक्षी मात्र आहेत. चिखलावर उतरायचं नाही, कुणी उतरताना दिसलं तरी नाही. वरून घट्ट वाटणारा तो गाळ पाय टाकल्यावर मांडीपर्यंत ओढतो आणि पाणी चढायला लागलं की वेळ देत नाही.

पूर्ण भरतीला पक्षी जातात कुठे, तर मोठ्या संख्येने नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर: सीवूड्स-नेरूळच्या बाजूचा टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेचा परिसर, डीपीएस शाळेजवळचा तलाव. खाडी बुडाली की तिथे फ्लेमिंगो आणि चिखलपक्षी विसाव्याला येऊन उभे राहतात, ओहोटी लागली की परत खाडीवर. एकाच थव्याच्या या दोन खोल्या आहेत. त्यातली एक बिल्डरांना मोकळा प्लॉट वाटते, म्हणून गेली काही वर्षं तिथले रहिवासी आणि निसर्गप्रेमी भांडताहेत. तळं गेलं तर पक्षी खाडीवर राहतीलच की, असं म्हणणाऱ्याला एकदा पौर्णिमेच्या दुपारी बारा वाजता तिथे उभं करावं.

भांडुपचं पम्पिंग स्टेशन आणि त्यालगतची मिठागरं तुमच्या अगदी जवळ आहेत. बदकं, शेकाटे, दलदली भोवत्या, धोबी, गप्पीदास, सगळं एका फेरीत मिळावं अशी जागा. तिथे आत सोडण्याचे नियम बदलत असतात, तेव्हा चौकशी करून जा आणि फाटकावरच्या माणसाशी वाद घालू नका. तो त्याचं काम करतो आणि त्याच्या रागाचा फटका मागून येणाऱ्यांना बसतो.

फ्लेमिंगोंबद्दल एक गैरसमज दूर करतो. ते हिवाळ्याच्या पहिल्या थंडीबरोबर लाखोंनी येतात, असं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये यायला लागतात, संख्या जानेवारीनंतर वाढत जाते आणि पावसाच्या तोंडावर ते निघतात. म्हणजे मोठा थवा हवा असेल तर फेब्रुवारी, मार्च, अगदी एप्रिलही. ते सैबेरियातून येत नाहीत. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) काही पक्ष्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावली, तेव्हा मुंबई आणि गुजरात यांच्यातली त्यांची ये-जा नकाशावर दिसली. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, आणि त्यांच्या दोन जाती आहेत. छोटा रोहित गडद गुलाबी आणि त्याची चोच जवळजवळ सगळीच काळपट लाल. मोठा रोहित फिकट, उंच, त्याची चोच गुलाबी आणि टोकाला तेवढी काळी. खाडीत गर्दी असते ती छोट्याची. करड्या रंगाचे दिसले तर ती पिल्लं. रंग अन्नातून चढतो आणि त्याला काही वर्षं लागतात. छोट्या रोहिताचं मुख्य अन्न निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ. शहराच्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे शेवाळ पोसतं, म्हणून इथे त्यांची संख्या वाढली, असं अभ्यासक मानतात. आपल्या घाणीचं श्रेय कुणी घेऊ नये, एवढंच.

पण मला विचाराल तर मुंबईच्या हिवाळ्याचे खरे मानकरी फ्लेमिंगो नाहीत, त्यांच्या पायांपाशी धावणारे ते भुरके पक्षी आहेत, ज्यांना तुम्ही 'सगळे सारखेच' म्हटलंत. लिटल स्टिंट घ्या. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, चिमणीएवढं. तो आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळा काढायला शिवडीच्या गाळात येतो. ऑगस्टच्या शेवटीच यातले पहिले पोचलेले असतात, आपण अजून गणपतीच्या तयारीत असतो. मध्य आशियावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या या पक्षीमार्गावर मुंबई हा मोठा मुक्काम आहे.

त्यांना ओळखताना रंगापासून सुरुवात करू नका. हिवाळ्यात सगळे राखाडी-तपकिरीच असतात, रंगाच्या नादी लागलात की डोकं फिरतं. आधी वागणूक बघा. काही सेकंद थांबतो, चार पावलं धावतो, पुन्हा थांबतो आणि एकदम टिपतो, तो चिखल्या, म्हणजे प्लोव्हर. डोळे मोठे, चोच आखूड, कारण तो बघून खातो. जो मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच वरखाली करत सरळ चालला आहे, तो स्पर्शावर जगणारा. चोच जितकी लांब तितकं खोलवरचं अन्न. स्टिंट पृष्ठभागालगतचं उचलतो, रेडशँक थोडं खालचं, गॉडविट लांब सरळ चोच बुडापर्यंत खुपसतो आणि कर्ल्यू आपल्या वाकड्या चोचीने खेकड्यांच्या बिळात हात घालतो. एकाच चिखलात इतक्या जाती भांडणाशिवाय का जेवतात, ते यातून कळतं. मुलांना हे फार पटकन समजतं. तुमच्या लेकीला 'हा कोण' विचारू नका, 'हा किती खोल खातोय' विचारा.

मग पाय. लाल पाय आणि उडताना पंखांच्या मागच्या कडेला पांढरा पट्टा, तो रेडशँक. हिरवट पाय, किंचित वर वळलेली चोच, उडाला की पाठीवर पांढरी पाचर, तो ग्रीनशँक. शेपूट सतत खालीवर हलवणारा, काठाकाठाने एकटाच फिरणारा, खांद्यापाशी पोटाचा पांढरा रंग वर घुसलेला, तो कॉमन सँडपायपर, आपली तुतारी. तो तर तुम्हाला मुलुंडच्या नाल्यावरही दिसेल. एवढ्या तीन-चार जाती एका हिवाळ्यात पक्क्या झाल्या तरी खूप झालं. उरलेल्यांची गर्दी दुसऱ्या हिवाळ्यासाठी ठेवा. आणि एप्रिलच्या सुरुवातीला एकदा परत जा. परतीच्या वाटेवर निघायच्या आधी यातल्या कित्येकांना विणीचा रंग चढलेला असतो. कर्ल्यू सँडपायपर विटकरी लाल, गॉडविट तांबूस. जानेवारीतलाच पक्षी आहे हे सांगूनही खरं वाटत नाही.

कुरव म्हणजे सीगल. त्यांच्यासाठी गेटवेवरून मांडव्याला जाणारी बोट पुरे. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा असे दोन कुरव त्यात मुख्य, आणि हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं, कानाजवळ फक्त एक डाग. डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट, काळ्या डोक्याच्याचा काळाभोर. पंख बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी. बोट धक्क्यावरून सुटली की लोक शेव-गाठ्या उधळायला लागतात. फोटो छान येतात, हे मान्य. पण तेलकट, खारट बेसन हे मासे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नव्हे, आणि माणसाच्या हाताकडे बघत राहायची सवय लागलेला पक्षी स्वतः शोधून खाणं कमी करतो. तुम्ही टाकू नका. शेजारच्याला सांगायचं की नाही ते तुमच्या स्वभावावर.

जंगलाकडे वळतो. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि सोमवारी बंद असतं. कान्हेरीचा रस्ता, शिलोंड्याची वाट, ठाण्याच्या बाजूने येऊर. काही वाटांना परवानगी लागते, आधी विचारा. हिवाळ्यात इथे काय बघायचं? निळ्या टोपीचा कस्तूर, नीलांग, राखी कोतवाल, ओढ्यावरचा करडा धोबी. राखी कोतवालाला लोक साधा कोतवाल समजून सोडून देतात. साधा काळा तकतकीत, मोकळ्या जागी तारेवर बसणारा. राखी करडा, लाल डोळ्यांचा, दाट झाडीत उंचावर. करड्या धोब्याचं पोट पिवळं असतं म्हणून त्याला पिवळा धोबी म्हणू नका. पिवळा धोबी ओल्या गवतात, मिठागराच्या कडेला. करडा वाहत्या पाण्याशी, दगडावर, आणि त्याची शेपूट चांगलीच लांब.

जंगलात चालत सुटण्यापेक्षा जानेवारीच्या शेवटी एक फुललेली काटेसावर शोधा आणि तिच्याखाली तासभर ठिय्या द्या. पानं नाहीत, लाल मोठी फुलं मधाने भरलेली, त्यामुळे लपायला जागा नाही आणि यायला कारण मोठं. भोरड्यांचे थवे, हळद्या, कोतवाल, बुलबुल, तांबट, पोपट, शिंजीर, कावळे, खारी. पुढे पांगारा आणि पळस फुलतात तेव्हाही हेच. भोरड्या म्हणजे रोझी स्टारलिंग, गुलाबी अंगाच्या काळ्या डोक्याच्या मैना. थव्याने येतात, थव्याने भांडतात. काटेसावर जंगलातलीच हवी असं नाही. मुलुंडमध्येही जुन्या कंपाउंडांत असतील, आत्ताच हेरून ठेवा.

आणि शेवटची जागा म्हणजे तुमच्या सोसायटीची बाग. हे ऐकून लोक हसतात, पण पाहुणे तिथेही येतात, फक्त दिसण्याआधी ऐकू येतात. बोगनवेलीच्या किंवा घाणेरीच्या दाट झुडपातून कोणी कोरडं 'चक्... चक्' करतंय आणि दिसत काहीच नाही, तो बहुतेक ब्लिथ्स रीड वॉर्बलर. हा रंगाने इतका साधा, की आवाजाशिवाय त्याला ओळख नाही. वरच्या फांद्यांतून दोन तुकड्यांत 'चि-वी' असा टोकदार आवाज आला तर ग्रीनिश वॉर्बलर, पानांआड हिरवट चपळ जीव. मधल्या उंचीवर 'टिर्र्र' असं काहीसं करणारा, शेपूट उचलणारा आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे दाखवणारा, तो लाल कंठाचा माशीमार. लाल कंठ फक्त प्रौढ नराचा, बाकीचे सगळे फिके. हे पक्षी हिवाळाभर आपापली ठरलेली जागा धरून बसतात. म्हणून ऑफिसला निघण्याआधीची पंधरा मिनिटं रोज त्याच बाकावर बसलात तर डिसेंबरपर्यंत एकेकाचा पत्ता तुम्हाला पाठ होईल. सूर्योदय तेव्हा सातच्या सुमारास असतो, म्हणजे फार लवकर उठायचंही नाही. मर्लिन नावाचं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. उपयोगी आहे, पण त्याचं सुचवणं म्हणजे साक्ष नव्हे. नाव आलं की पक्षी डोळ्यांनी शोधा, नाही दिसला तर वहीत प्रश्नचिन्ह.

अंधेरी-पवईकडे जाणं झालं तर पवई तलाव आणि धारावीकडे गेलात तर तिथलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लक्षात ठेवा. दुसरं तर एके काळी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, आज मिठीच्या काठी जंगल उभं आहे. आणि उंच टॉवरखालून जाताना मान वर करत जा. कबुतरं एकदम उधळली तर वर कठड्यावर बहिरी ससाणा असू शकतो. हिवाळ्यात तो शहरात येतो आणि कबुतरांवर जगतो.

दुर्बीण: ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. भागाकार पाचच्या आसपास असेल तर सकाळ-संध्याकाळच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ राहतं. दहापटीची घेऊ नका, हात थरथरतो आणि दिसणारा परीघ लहान होतो, नवख्याला पक्षी सापडतच नाही. रस्त्यावर '२०×' किंवा '३०×' लिहिलेली मिळते ती खेळणी आहेत. दहा हजारांच्या आसपास बरी दुर्बीण मिळते. जलरोधक मिळाली तर उत्तम, कारण मुंबईच्या दमटपणात काचेच्या आत बुरशी धरते आणि ती दुरुस्ती परवडत नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवा, कपाटात नको. मुलीसाठी वेगळी हलकी ८×३० चालेल. एकच दुर्बीण दोघांत असली की प्रत्येक पक्ष्यामागे एक भांडण होतं.

कॅमेरा या हिवाळ्यात नको. माझं हे मत अनेकांना पटत नाही. पण मोठी लेन्स हातात आली की माणूस पक्ष्याजवळ सरकतो, आणि खाडीवर तुम्ही दहा पावलं पुढे गेलात की समोरचा थवा उठतो. उठलेल्या थव्याचा फोटो झकास येतो. त्या थव्याचं भरतीआधीचं जेवण मात्र बुडतं. ड्रोन उडवणारे याहून वाईट, अभयारण्यात तर ते बेकायदाही. तीच गोष्ट मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याची. आणि घुबड दिसलं तर जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका.

कुठल्या गटात जावं, हेही विचारलंत. १८८३ साली मुंबईतच स्थापन झालेली बीएनएचएस हिवाळ्यात पक्षीफेऱ्या काढते, गोरेगावला चित्रनगरीशेजारी त्यांचं शिक्षण केंद्र आहे. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या अशा अनुभवी माणसांबरोबर करा, त्यातही जो सतत नावं ओरडत नाही असा माणूस हेरून त्याच्या बाजूने चाला. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका: तारीख, वेळ, किती वेळ बघितलं आणि प्रत्येक जातीचा आकडा. 'पुष्कळ' लिहू नका, शंभर-शंभरचे गठ्ठे मोजून अंदाज लिहा. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते. फेब्रुवारीत चार दिवसांची अंगणातल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते, आणि तिला सोसायटीचा बाक आणि पंधरा मिनिटं पुरतात. त्या चार दिवसांत मुलीलाच मोजू द्या आणि यादी तिच्याच हातची असू द्या. घारी, कावळे आणि कबुतरंही मोजायला सांगा. नव्याने आलेले लोक नेमके तेच लिहायचे विसरतात.